पूर्वेची काळी, पश्चिमेची तांबडी
(प्रस्तावना)

हुबळीच्या कमरीपेठेतून विजापूर रस्त्याने नवलगुंदकडे निघाले की गावाची शेवटची वखार मागे पडेपर्यंत काळी जमीन सुरू झालेली असते. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा, पावसात पायाला मणभर चिखल आणि कुदळीला लागणारे चुनखडीचे खडे. सामू आठ किंवा त्याहून थोडा वर. पिके जोंधळा, हरभरा, कापूस, कांदा. उलट कारवार रस्त्याने कलघटगीकडे वळले तर तासाभरात माती तांबडी होते, चुना दिसेनासा होतो, सामू सहाच्या आसपास किंवा खाली येतो आणि बांधाबांधांतून भात दिसू लागतो. धारवाडची ओळख 'काळ्या मातीचा मुलूख' अशी करून दिली जाते ती अर्धीच खरी. हा मलनाड (पश्चिमेचा पावसाळी डोंगराळ भाग) आणि बयलुसीमे (पूर्वेचा कोरडा सपाट भाग) यांच्या मधला पट्टा आहे. इथली काळी मातीसुद्धा सगळी दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेली नाही. बरीचशी धारवाडी शिस्ट आणि नाईस या फार जुन्या खडकांवर तयार झालेली आहे.

या दोन्ही मात्या एकाच प्रयोगशाळेत येतात. कापडी पिशव्या एकाच टेबलावर ओळीने मांडल्या जातात आणि सगळ्यांना एकच अर्ज, एकच तक्ता, बहुतेक वेळा एकच द्रावण लावले जाते. या पुस्तकाचा विषय इथून सुरू होतो. मातीतून एकाहून अधिक अन्नद्रव्ये काढण्याच्या पद्धती कोणत्या, त्यांची आपसांत तुलना कशी करावी आणि त्या तुलनेवर विश्वास कितपत ठेवावा, हे प्रश्न रसायनशास्त्राचे वाटतात. प्रत्यक्षात ते खताच्या दुकानापर्यंत पोहोचतात.

माती परीक्षणाच्या अहवालात 'उपलब्ध स्फुरद, हेक्टरी १८ किलो' अशी ओळ असते. शेतकरी ती बँकेच्या पासबुकातल्या शिलकीसारखी वाचतो, आणि कृषी सहायकही पुष्कळदा तशीच वाचतो. ती शिलक नसते. मातीत एकूण स्फुरद याच्या कितीतरी पट असतो. अठरा किलो म्हणजे एका ठरावीक द्रावणाने, ठरावीक वेळात, ठरावीक प्रमाणात हलवल्यावर जेवढा सुटून आला तेवढा. लोहाचे उदाहरण घेतले की हे लगेच पटते. समजा एखाद्या मातीत एकूण लोह पाच टक्के आहे. हेक्टरी वरच्या थराचे वजन तक्त्यात २२.४ लाख किलो धरतात. त्या हिशेबाने हेक्टरी लोह भरते शंभर टनांच्या वर. आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठीच्या डीटीपीए द्रावणाने लोहाची पुरेशी पातळी मानतात ४.५ पीपीएम, म्हणजे हेक्टरी जेमतेम दहा किलो. शंभर टन लोह पायाखाली असताना भुईमुगावर केवडा पडतो, कारण चुनखडीच्या जमिनीत ते लोह मुळांच्या हाती लागत नाही. (ते २२.४ लाख किलोही मूळ एकरी वीस लाख पौंड या अमेरिकी ठोकताळ्याचे रूपांतर आहे. आपल्या भुसभुशीत काळ्या मातीचे वजन पुष्कळदा त्याहून कमी भरते. पण तो वाद इथे नको.)

गावात दवंडी पिटली तर चावडीवर किती माणसे जमतील हे दवंडीत काय सांगितले त्यावर ठरते. रेशन वाटायचे आहे म्हटले तर एक गर्दी, पट्टी गोळा करायची आहे म्हटले तर दुसरी. गावची लोकसंख्या तीच राहते. द्रावण ही अशी दवंडी आहे. पीक रोज तीन-चार महिने जी दवंडी पिटत असते, तिच्या जवळ जाणारी दवंडी अर्ध्या तासात कोणती पिटता येईल, हा या शास्त्राचा सगळा खटाटोप आहे.

खटाटोप जुना आहे. इंग्लंडमध्ये बर्नार्ड डायर याने १८९४ साली रोथॅमस्टेडच्या मातीवर एक टक्का सायट्रिक आम्ल वापरले. त्याचा विचार सरळ होता. मुळांतल्या रसाला आंबटपणा असतो, तेव्हा तेवढ्याच आंबट द्रावणाने माती धुतली तर मुळाला जे मिळते तेच आपल्याला मिळेल. हा तर्क पुढे टिकला नाही, कारण मूळ म्हणजे आम्लाची बाटली नव्हे. पण पिकाला मिळेल तेवढेच काढायचे, सगळे नाही, हे उद्दिष्ट त्याने रूढ केले. त्यानंतर द्रावणांची रांग लागली. त्यातली आपल्या कामाची मोजकीच आहेत आणि प्रत्येक एका विशिष्ट मातीकडे पाहून तयार झालेले आहे. तुलना करणारे लोक नेमके हेच विसरतात.

ब्रे आणि कुर्ट्झ यांचे १९४५ चे द्रावण पाहा. अमोनियम फ्लोराइड आणि अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्लधर्मी जमिनीत स्फुरद लोहाला आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसलेला असतो. फ्लोराइड ॲल्युमिनियमला ओढून घेते आणि स्फुरद सुटतो. कलघटगीच्या मातीला हे शोभते. तेच द्रावण नवलगुंदच्या मातीवर ओतले तर चुनखडी ते आम्ल पहिल्या काही क्षणांतच मारून टाकते. उरलेल्या द्रावणात फारसे काही सुटत नाही आणि अहवालात माती स्फुरदाने दरिद्री दिसते. जमीन दरिद्री नसते, द्रावण थकलेले असते.

ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९५४ साली उलट बाजूने हात घातला. अर्धा मोलर सोडियम बायकार्बोनेट, सामू ८.५, मातीच्या वीस पट द्रावण, अर्धा तास हलवणे. इथे चुना शत्रू राहत नाही. बायकार्बोनेटमुळे द्रावणातला कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतो, कॅल्शियमची पकड सुटते आणि स्फुरद वर येतो. भारतात काळ्या जमिनीसाठी हीच पद्धत रूढ झाली आणि ते योग्यच झाले. हेक्टरी १० किलोच्या खाली कमी, साधारण २५ च्या वर जास्त, हे तिच्याच तक्त्याचे आकडे आहेत. स्फुरद किलोत लिहिला आहे की स्फुरद पेंटॉक्साइड, हे न पाहता दोन अहवाल शेजारी ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्या दोन आकड्यांत २.२९ पटीचा फरक असतो.

मग पालाशसाठी अमोनियम ॲसिटेट, सामू ७. नत्रासाठी सुब्बय्या आणि असिजा यांची १९५६ ची अल्कली परमँगनेट पद्धत. सेंद्रिय कर्बासाठी वॉकली-ब्लॅक, १९३४ पासून चालत आलेली. गंधकासाठी ०.१५ टक्के कॅल्शियम क्लोराइड. जस्त, लोह, मंगल, तांबे यांच्यासाठी लिंडसे आणि नॉरवेल यांचे १९७८ चे डीटीपीए. बोरॉनसाठी उकळते पाणी. सामू आणि क्षारता एकाच पाण्याच्या मिश्रणात उरकतात. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगडला मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तिच्या पत्रिकेत बारा गुणधर्म आहेत आणि ते पुरे करायला एकेका नमुन्याची आठ वेळा वेगवेगळी मोजदाद करावी लागते. आठ वेळा वजन, आठ तऱ्हांची द्रावणे, आठ वेळा भांडी धुणे. दिवसाला शंभर नमुन्यांचे लक्ष्य आले की कुठे काय काटछाट होते हे प्रयोगशाळेत काम केलेल्याला सांगावे लागत नाही. भांडी धुण्यात होते.

म्हणून एकाच द्रावणात सगळे काढण्याची ओढ लागते. त्यात भर म्हणून आयसीपी हे यंत्र आले. आर्गॉन वायूच्या तप्त ज्वाळेत अर्काचे तुषार सोडायचे आणि स्फुरदापासून बोरॉनपर्यंत सगळी मूलद्रव्ये एका दमात मोजायची. यंत्र एका मिनिटात वीस आकडे देते आणि अर्क काढायला मात्र दिवस जातो, हे विषम गणित कुणालाही खटकणारच. पण हिशेब आधी नीट मांडावा. एबी-डीटीपीए (अमोनियम बायकार्बोनेट आणि डीटीपीए) हे सर्वसमावेशक द्रावण वापरले तर स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये यांचे तीन अर्क एकात येतात, आठाचे सहा होतात. मेहलिक-३ हे दुसरे द्रावण वापरून गंधक आणि बोरॉनही त्यातच वाचले तर आठाचे चार. नत्र, सेंद्रिय कर्ब आणि सामू कोणत्याही सर्वसमावेशक द्रावणात मावत नाहीत. 'एकाच द्रावणात संपूर्ण माती परीक्षण' अशी जाहिरात दिसली तर नत्राचे काय केले एवढेच विचारावे.

एबी-डीटीपीए हे मला या सगळ्यांत बुद्धिमान द्रावण वाटते. कोलोराडोत सोलतानपूर आणि श्वाब यांनी १९७७ साली ते मांडले, तेही तिकडच्या कोरड्या, चुनखडीच्या जमिनी डोळ्यांसमोर ठेवून. एक मोलर अमोनियम बायकार्बोनेट आणि त्यात ०.००५ मोलर डीटीपीए, सामू ७.६. मातीच्या दुप्पट द्रावण घ्यायचे आणि पंधरा मिनिटे उघड्या शंकुपात्रात हलवायचे. उघड्याच, हे महत्त्वाचे. हलवताना कर्बवायू निघून जातो, सामू चढतो, कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो आणि ओल्सनच्या पद्धतीसारखा स्फुरद सुटतो. त्याच वेळी अमोनियम पालाशला त्याच्या जागेवरून उठवतो आणि डीटीपीए धातूंना चिमट्यात धरतो. तीन कामे तीन घटकांनी वाटून घेतली आहेत. पात्राला बूच लावले की सगळा डाव फसतो.

त्याची नाटकेही आहेत. द्रावण ठेवले की आपोआप कर्बवायू सोडते आणि सामू सरकत जातो, म्हणून ताजे करावे लागते. अर्क तसाच आयसीपीत घातला तर कार्बोनेटमुळे तुषार सोडणारी नळी तुंबते. आधी नायट्रिक आम्ल घालून तो फसफसून घ्यावा लागतो. आणि सगळ्यात मोठी खोच आकड्यांत आहे. बायकार्बोनेट ओल्सनमध्येही आहे, इथेही आहे, म्हणून आकडे तेच येतील असे वाटते. पण ओल्सनला मातीच्या वीस पट द्रावण आणि अर्धा तास मिळतो, इथे दुप्पट द्रावण आणि पंधरा मिनिटे. परिणामी एबी-डीटीपीएचा स्फुरद ओल्सनच्या साधारण निम्मा येतो. ८ पीपीएम एका तक्त्यात मध्यम आहे, दुसऱ्यात भरपूर. माती तीच, पिशवी तीच. जस्ताचेही तसेच. डीटीपीएसाठी आपल्याकडे ०.६ पीपीएम ही सीमा मानतात. एबी-डीटीपीएसाठी कोलोराडोचा तक्ता ०.९ पर्यंत कमी म्हणतो. नवे द्रावण आणि जुना तक्ता अशी जोडी लावली तर स्फुरद सगळीकडे कमी आणि जस्त सगळीकडे पुरेसे दिसेल. त्यावर डीएपी जास्त खपेल आणि झिंक सल्फेट पडून राहील.

मेहलिक-३ चा मूळ प्रदेश अगदी वेगळा. नॉर्थ कॅरोलायनात ॲडॉल्फ मेहलिक यांनी १९५३ पासून या कामात हात घातलेला होता. तिसरी आवृत्ती १९८४ ची. ॲसिटिक आम्ल, अमोनियम नायट्रेट, अमोनियम फ्लोराइड, नायट्रिक आम्ल आणि ईडीटीए अशी पंचरंगी भेळ, सामू २.५ च्या आसपास, मातीच्या दहा पट द्रावण, हलवणे फक्त पाच मिनिटे. प्रयोगशाळेला यापेक्षा सोयीचे दुसरे नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी ते उचलले. तिथे स्फुरदाची पुरेशी पातळी साधारण ३० ते ५० पीपीएम मानतात, आणि ओल्सनच्या आपल्या तक्त्यात ११ पीपीएमच्या वर 'जास्त' सुरू होते. यावरून दोन आकड्यांची भाषा किती वेगळी आहे ते कळावे.

तांबड्या मातीवर मेहलिक-३ चालेल यात मला शंका नाही. काळ्या मातीबद्दल मत बनवताना घाई करू नये. त्यातले ॲसिटिक आम्ल चुन्यापुढे ब्रेच्या आम्लापेक्षा जास्त वेळ टिकते, म्हणून आकडा शून्याकडे जात नाही आणि वापरणाऱ्याला वाटते की जमले. पण दोन गोष्टी पडद्याआड घडत असतात. फ्लोराइड सुटलेल्या कॅल्शियमला धरून कॅल्शियम फ्लोराइड म्हणून बसते, म्हणजे जो घटक स्फुरद सोडवायला घातला तोच कमी पडतो. आणि आम्ल कॅल्शियमशी पक्का बांधलेला, पिकाच्या हाती न येणारा स्फुरद थोडा विरघळवते. एक चूक आकडा खाली ओढते, दुसरी वर. त्या दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतील अशी आशा धरणे हे विज्ञान नव्हे. शिवाय मातीत चुनखडी तीन टक्के आहे की बारा, यावर कोणती चूक वरचढ ठरेल ते अवलंबून, आणि आपल्याकडे ते एका शेतातसुद्धा बदलते.

पालाशपाशी मात्र भांडण कमी होते. अमोनियम ॲसिटेट, एबी-डीटीपीए आणि मेहलिक-३ या तिन्हींत अमोनियम आहे आणि पालाशला मातीच्या कणांवरून उठवण्याचे काम तोच करतो. म्हणून तिघांचे आकडे सहसा हातात हात घालून चालतात. तुलनात्मक अभ्यासात सगळ्यांत देखणा आलेख पालाशचाच येतो तो यामुळे, आणि सादरीकरणात तोच पहिला दाखवतात. काळ्या जमिनीत मात्र ही एकवाक्यता फसवी असू शकते. चिकणमातीच्या पापुद्र्यांमध्ये अडकलेला पालाश अमोनियमला दिसतच नाही. अमोनियम आणि पालाश यांचे आकारमान जवळपास सारखे असल्याने तो पापुद्र्यांची फट उघडत नाही. तीन साक्षीदार एकच जबानी देतात, पण तिघेही एकाच खिडकीतून पाहत असतात. राखीव पालाश पाहायचा तर नायट्रिक आम्लात उकळणे आले.

डीटीपीएबद्दल थोडे. लिंडसे आणि नॉरवेल यांनी त्यात ट्रायइथॅनॉलअमाईन आणि कॅल्शियम क्लोराइड घालून सामू ७.३ ला बांधून ठेवला, तो केवळ चुनखडी विरघळू नये म्हणून. चुनखडी विरघळली की तिच्यात कोंडलेले जस्त आणि लोहही बाहेर येते आणि आकडा फुगतो. अहवालात ते जस्त दिसेल, पिकाला मिळणार नाही. आपल्या काळ्या मातीसाठी याहून चांगला विचार कुणी केल्याचे मला ठाऊक नाही. पण दोन तास हलवूनही हे द्रावण समतोलाला पोहोचलेले नसते. म्हणजे शेकर किती वेगाने हलतो, बाटलीचा आकार कसा, खोली किती तापली आहे, यावर आकडा बदलतो. दोन तासांऐवजी चहा पिऊन येईपर्यंत अडीच तास झाले तर लोह वाढलेले दिसते.

तापमानाचा मुद्दा आपल्याकडे फार हलक्याने घेतला जातो. ओल्सन यांच्या मूळ परिपत्रकातच नोंद आहे की वीस ते तीस अंशांच्या दरम्यान प्रत्येक अंशामागे स्फुरद सुमारे ०.४३ पीपीएमने वाढतो. दहा अंशांचा फरक धरा. ४.३ पीपीएम, म्हणजे हेक्टरी साडेनऊ किलोंच्या वर. आणि कमी व मध्यम यांची सीमारेषा दहा किलोंवर आहे! डिसेंबरच्या सकाळी तपासलेली माती आणि एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली तपासलेली तीच माती वेगवेगळ्या रकान्यांत जाऊन बसू शकते. आणि नमुन्यांचा लोंढा नेमका एप्रिल-मेमध्ये येतो, पेरणीच्या तोंडावर. द्रावणांची तुलना करणाऱ्या लेखात खोलीचे तापमान दिलेले नसेल तर पुढची पाने वाचण्यात मी वेळ घालवत नाही.

बोरॉनची गोष्ट वेगळ्याच जातीची आहे. कर्नाटकात २००९ साली इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीने 'भूचेतना' ही योजना सुरू झाली. पहिल्या सहा जिल्ह्यांत धारवाड आणि हावेरी होते. नत्र-स्फुरद-पालाशच्या पलीकडे न पाहणाऱ्या कोरडवाहू शेतीत गंधक, जस्त आणि बोरॉन यांची तूट किती पसरलेली आहे हे त्या कामाने ठळकपणे समोर आणले. ते काम ओल्सन, अमोनियम ॲसिटेट, कॅल्शियम क्लोराइड, डीटीपीए आणि गरम पाणी अशा एकेका द्रव्याच्या पद्धतींवर उभे होते, हे सर्वसमावेशक द्रावणाच्या उत्साही मंडळींनी ध्यानात घ्यावे. गरम पाण्याने बोरॉन काढणे कटकटीचे आहे. नेहमीच्या प्रयोगशाळेच्या काचेतच बोरॉन असते, ते अर्कात उतरते, म्हणून प्लॅस्टिकची किंवा बोरॉन नसलेली भांडी लागतात. मेहलिक-३ मध्ये बोरॉन आयसीपीवर चटकन वाचता येतो खरा. पण बोरॉनची सगळ्यांत वापरात असलेली २४९.७७ नॅनोमीटरची रेषा आणि लोहाची २४९.७८ ची रेषा एकमेकींना खेटून आहेत. तांबड्या मातीच्या आम्ल अर्कात लोह भरमसाठ असते. ते बोरॉनच्या नावावर जमा होते. ज्या कलघटगीच्या मातीत बोरॉनची उणीव असण्याची शक्यता अधिक, तिथेच यंत्र तो भरपूर दाखवते. २०८.९ च्या रेषेवर वाचले तर हा घोटाळा टळतो, पण ती निवड यंत्र स्वतःहून करत नाही.

आयसीपीची आणखी एक सवय सांगितली पाहिजे. जुन्या पद्धतीत स्फुरद मॉलिब्डेटने निळा करून मोजतात, आणि निळा रंग मुख्यतः सुट्या फॉस्फेटलाच येतो. आयसीपीला त्याचे काही नाही. सेंद्रिय पदार्थात गुंतलेला स्फुरदही ते मोजते. त्यामुळे एकाच अर्काचे दोन यंत्रांवर दोन आकडे येतात. तुलना करताना द्रावण बदलले आणि यंत्रही बदलले तर फरक कोणामुळे पडला हे कळायला मार्ग राहत नाही. अशी तुलना छापून आलेली मी वाचली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे आपण शाळेत शिकतो.

आता तुलनेच्या गणिताकडे. प्रबंधांमध्ये दोन पद्धतींचे आकडे आलेखावर मांडून त्यातून रेघ काढतात, सहसंबंध ०.९ आला की पद्धत 'योग्य' ठरवतात आणि एकातून दुसरा काढण्याचे सूत्रही देऊन टाकतात. धारवाडसारख्या भागात यात मोठा सापळा आहे. पन्नास काळे नमुने आणि पन्नास तांबडे नमुने एकत्र टाकले की आलेखावर दोन ढग दिसतात, एक खाली डावीकडे, एक वर उजवीकडे. त्या दोन ढगांतून रेघ सुरेख जाते आणि सहसंबंध उत्तम येतो. पण नुसत्या काळ्या ढगात शिरून पाहावे तर दोन पद्धतींत काही ताळमेळ नसतो. त्या ०.९ ने एवढेच सिद्ध केले की काळी माती आणि तांबडी माती वेगळ्या आहेत. ते शेतकऱ्याला परीक्षणाशिवाय माहीत आहे. माझ्या मते सहसंबंधाऐवजी एक साधी मोजणी छापावी. जुन्या पद्धतीने 'कमी' ठरलेल्या नमुन्यांपैकी नव्या पद्धतीने किती 'मध्यम' किंवा 'जास्त' मध्ये गेले? शिफारस त्या रकान्यावर होते, दशांशावर होत नाही.

आणि दोन द्रावणांची एकमेकांशी तुलना ही शेवटी दोन दवंड्यांचीच तुलना. पिकाला विचारल्याशिवाय कोणती खरी ते ठरत नाही. ते विचारण्याची आपल्या देशातली सगळ्यांत भक्कम व्यवस्था म्हणजे १९६७-६८ पासून चाललेला माती परीक्षण व पीक प्रतिसादाचा अखिल भारतीय प्रकल्प. त्यामागे राममूर्ती यांची कल्पना होती. एकाच शेतात मुद्दाम कमी, मध्यम आणि जास्त सुपीकतेचे पट्टे तयार करायचे, प्रत्येकावर खतांच्या वेगवेगळ्या मात्रा द्यायच्या आणि ठरावीक उत्पादनासाठी किती खत लागेल याचे समीकरण काढायचे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही याचे केंद्र आहे आणि महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनींसाठी ऊस, कांदा, गहू अशा पिकांची समीकरणे तिथून आली. त्या समीकरणांत मातीच्या रकान्यात जे आकडे घालायचे ते परमँगनेटचा नत्र, ओल्सनचा स्फुरद आणि अमोनियम ॲसिटेटचा पालाश हेच. मेहलिकचा स्फुरद तिथे घातला तर समीकरण तक्रार करत नाही. निमूटपणे चुकीचे उत्तर देते.

पन्नास-साठ वर्षांचे हे प्रयोग म्हणजे खरे भांडवल आहे. द्रावण एका दुपारी बदलता येते, ते भांडवल बदलायला पुन्हा तेवढी शेते आणि तेवढे हंगाम लागतील. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. नवलगुंद, कुंदगोळ, अण्णिगेरी इकडच्या काळ्या मातीसाठी सर्वसमावेशक द्रावण हवेच असेल तर पहिली पसंती एबी-डीटीपीएला, आणि ते आधी जुन्या पद्धतींच्या बरोबरीने निदान काही हंगाम चालवून, शेतातल्या चाचण्या घेऊन. कलघटगीकडच्या आम्ल मातीसाठी मेहलिक-३ तपासून पाहावे. दोन्हींसाठी एकच द्रावण शोधण्याचा हट्ट सोडावा. नमुना आला की आधी सामू पाहायचा आणि त्याप्रमाणे पिशव्या दोन रांगांत लावायच्या, याला नवे यंत्र लागत नाही. शेतातल्या चाचण्या होईपर्यंत ओल्सन आणि डीटीपीए सोडण्याचे कारण मला दिसत नाही. शंभर नमुने घाईने करण्यापेक्षा साठ नमुने नीट केले तर त्यात शेतकऱ्याचा तोटा नाही. हे म्हणणे लक्ष्ये ठरवणाऱ्यांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

१९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते.  मग राज्याची सीमा मध्ये आली, पण तिच्या अलीकडे-पलीकडे माती बदललेली नाही. खानापूर, हल्याळ, चंदगड इथल्या तांबड्या मात्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत आणि तिथला शेतकरी बाजारात, घरात मराठी बोलतो. त्याच्या हाती पडणारा अहवाल मात्र कधी कन्नडमध्ये, कधी इंग्रजीत असतो आणि पद्धतीचे नाव त्यात क्वचितच असते. नाव छापायला एक ओळ लागते. स्फुरद, ओल्सन, एकास वीस, पंचवीस अंश. इतकी ओळ जरी प्रत्येक आकड्याखाली आली तरी राहुरीचा तक्ता वापरायचा की दुसरा, हे वाचणाऱ्याला ठरवता येईल.

पुस्तकातली प्रकरणे द्रव्यवार लावलेली आहेत आणि ती क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्यांना फक्त काळ्या मातीशी काम आहे त्यांनी मेहलिकचा भाग वगळला तरी चालेल. द्रावणे तयार करण्याच्या कृतींत सामू जुळवण्याचा टप्पा लांबलचक वाटला तरी तोडू नये. डीटीपीएचा सामू ७.३ ऐवजी ७.० वर सोडला तर पुढचे सगळे जस्ताचे आकडे वाया जातात. ओल्सनच्या अर्काला रंग आला तर कोळसा वापरतात, तो स्फुरदमुक्त आहे की नाही हे कोऱ्या द्रावणावर तपासून घ्यावे. बाजारातला कोळसा धुतल्याशिवाय तसा नसतो. नमुन्याच्या प्रकरणात लोखंडी फावडे आणि गॅल्व्हनाइज्ड बादली टाळायला सांगितले आहे, ते लोह आणि जस्तासाठी. आणि बोरॉनचे प्रकरण काचसामानाची मागणी लिहून पाठवण्याआधी वाचावे.